श्रीलंकेची सहल : आधी वारा पाहावा, मग विमानभाडे

बंगळूरु : शाळांच्या सुट्या जवळ आल्या की बंगळूरुतील मध्यमवर्गीय घरांत परदेशी सहलीचा हिशेब मांडला जातो. केम्पेगौडा विमानतळावरून कोलंबो अवघ्या दीड तासाच्या अंतरावर आहे आणि तेथे घड्याळाचे काटेही फिरवावे लागत नाहीत. साहजिकच पहिल्या परदेशवारीसाठी श्रीलंकेचे नाव पुढे येते. मात्र बहुतेक जण आधी स्वस्त तिकीट शोधतात, नंतर किनाऱ्यावरचे हॉटेल आणि सर्वांत शेवटी हवामान. हा क्रम उलटा असायला हवा.

याचे कारण श्रीलंकेच्या भूगोलात आहे. या बेटाला एक नव्हे, दोन मोसमी पाऊस मिळतात. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य वारे कोलंबो, बेंटोटा, गॉल, मिरिस्सा या पश्चिम-दक्षिण किनाऱ्यावर आदळतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य वारे त्रिंकोमाली, बट्टिकलोवा आणि जाफना या बाजूला पाऊस आणतात. मध्यभागी अडीच हजार मीटरपर्यंत उंचावलेला डोंगराळ प्रदेश या वाऱ्यांना अडवतो. महाबळेश्वर धुक्या-पावसात बुडालेले असताना माण-खटाव कोरडे राहावे, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की श्रीलंकेत सहा महिन्यांनी भिजणारी बाजू बदलते.

त्यामुळे ‘श्रीलंकेला कधी जावे’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही किनारे बहुधा शांत असतात. एप्रिलच्या मध्यानंतर निघणाऱ्यांना ही संधी थोडक्यात साधता येते. मे महिन्याच्या उत्तरार्धात मात्र गॉलऐवजी पूर्वेकडे वळणे श्रेयस्कर. त्रिंकोमालीचे कोणेश्वर मंदिर आणि अरुगम बेच्या लाटा त्या काळात पाहण्याजोग्या असतात. कोलंबोहून त्रिंकोमालीला रस्त्याने पाच-सहा तास लागतात; चार दिवसांच्या सहलीत दोन्ही किनारे कोंबण्याचा मोह टाळलेला बरा. नाताळच्या सुटीत पुन्हा दक्षिण किनारा गाठावा. मिरिस्साजवळ देवमासे दिसण्याचा हंगामही तेव्हाच असतो. ऋतू उलटलेल्या किनाऱ्यावर हॉटेले स्वस्त मिळतात, पण खवळलेल्या समुद्रात उतरण्यास मनाई असेल तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय?

सर्वाधिक विचार दसऱ्याच्या सुटीबाबत करावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन मोसमांमधला काळ. दुपारनंतर गडगडाटी पाऊस बेटावर कोठेही होऊ शकतो आणि बंगालच्या उपसागरातील वादळांचाही हाच हंगाम. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस ‘दितवा’ चक्रीवादळाने श्रीलंकेत सहाशेहून अधिक बळी घेतले. मध्य डोंगराळ भागात दरडी कोसळल्या. म्हणून या दिवसांत कँडी, नुवारा एलिया किंवा एल्लाचा बेत असेल, तर रद्द करता येणारेच आरक्षण घ्यावे आणि प्रवास विमा काढताना हवामानामुळे होणारे नुकसान त्यात समाविष्ट आहे का, हे तपासावे.

प्रवेशासाठी आगाऊ ऑनलाइन परवानगी काढावी लागते. तिचे नियम व शुल्क गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले असल्याने श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच खात्री करावी. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे जादा पैसे उकळतात. १२ फेब्रुवारी २०२४ पासून तेथे यूपीआयची सोय सुरू झाली आहे. तरीही रिक्षा आणि छोट्या टपऱ्यांसाठी श्रीलंकन रुपये जवळ असावेत.

शाकाहारी प्रवाशांनी आणखी एक शब्द लक्षात ठेवावा : ‘उंबलकड’. सुकवलेल्या माशाचा हा चुरा खोबऱ्याच्या चटणीसारख्या दिसणाऱ्या सांबोलमध्ये आणि काही भाज्यांतही घातला जातो. पान वाढले जाण्यापूर्वीच त्याची चौकशी केलेली बरी.