फिशटँक ते उजनी, व्हाया पोटाने श्वास घेणारा मासा

इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये मासे कशाला, असा प्रश्न पडला असेल तर थोडा धीर धरा. सबमिशन, व्हायवा आणि केटी यांच्या पलीकडेही एक सिस्टिम आपल्या बारामतीपासून तासाभराच्या आत आहे. तिचं नाव उजनीचं बॅकवॉटर. आणि तिचंच एक छोटं मॉडेल आपल्या होस्टेलच्या बऱ्याच खोल्यांमध्ये टेबलावर ठेवलेलं असतं, ते म्हणजे फिशटँक.

आधी मोठ्या टँककडे जाऊ. मुंबईला मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. आपल्या आई-बाबांच्या पिढीची मुंबई ट्रिप त्याच्याशिवाय पूर्ण होत नसे. २०१५ मध्ये ते नव्या रूपात उघडलं, पण पुढे इमारत धोकादायक झाल्यामुळे बंद करावं लागलं. अशा ठिकाणी आपण काचेला नाक लावून 'कित्ती क्यूट!' म्हणतो आणि पुढे सरकतो. पण त्या काचेमागे चाललेले प्रकार बघितले तर आपला डेली सोप फिका पडेल.

क्लाउनफिश घ्या, म्हणजे २००३ च्या 'फाइंडिंग निमो' मधला निमो. यांच्या कुटुंबात सगळ्यात मोठी असते ती मादी. ती मेली की तिचा नवरा स्वतःच मादी बनतो आणि पिल्लांमधला मोठा नर होतो. म्हणजे सायन्सप्रमाणे निमोची आई गेल्यावर बाबांचीच आई व्हायला हवी होती! समुद्री घोड्यात बाळंतपण बाबाकडे. मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत ठेवते आणि पिल्लं तो जन्माला घालतो. आणि ऑक्टोपस तर जन्मजात एस्केप आर्टिस्ट. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या नॅशनल अ‍ॅक्वेरियममधला 'इंकी' नावाचा ऑक्टोपस टाकीच्या झाकणाच्या फटीतून बाहेर आला, जमिनीवरून सरपटत ड्रेनच्या पाइपापर्यंत गेला आणि थेट समुद्रात पसार झाला. अंगात हाड नाही, त्यामुळे चोच जिथून जाईल तिथून अख्खा प्राणी जातो.

या विचित्र वागण्याचा आणि कॉन्झर्व्हेशनचा सरळ संबंध आहे. नरालाच पिल्लं होतात हे कळलं की पोट फुगलेला एक समुद्री घोडा जाळ्यात आला तर किती पिल्लं गेली हेही कळतं. आपल्या देशात २००१ मध्ये समुद्री घोड्याला वाघाइतकंच, म्हणजे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण मिळालं. क्लाउनफिशचं जोडपं कसं बनतं हे समजलं म्हणूनच कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेला त्यांची पैदास हॅचरीत करता आली. टाकीत जन्मलेला मासा विकला गेला की प्रवाळातला एक मासा वाचतो.

आता थोडी थिअरी. मासा अमोनिया टाकतो आणि अमोनिया माशालाच विष. फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामाला ऑक्सिजन लागतो, म्हणून पंप बुडबुडे सोडत राहतो. पंप बंद पडला की आधी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. ते 'हाय' करत नसतात, श्वास कोंडलेला असतो. अंग काचेला, दगडाला घासायला लागले तर बहुतेक वेळा कातडीवर परजीवी असतात. म्हणजे मासा हाच सेन्सर. आपण फक्त रीडिंग घ्यायला शिकलं पाहिजे.

हाच सेन्सर उजनीतही आहे. १९८० साली भीमेवरचं धरण पूर्ण झालं आणि इंदापूर, दौंड, करमाळा तालुक्यांत पाणी पसरलं. पळसदेवचं जुनं देऊळ त्यात बुडालं, ते आता उन्हाळ्यात पाणी ओसरलं की दर्शन देतं. क्षमता साधारण ११७ टीएमसी. एवढ्या मोठ्या टँकला पंप नाही, फिल्टर नाही, आणि वरून मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी येतं. त्यातल्या खतामुळे शेवाळ माजतं आणि पाणी हिरवंगार दिसतं. दिवसा हेच शेवाळ ऑक्सिजन देतं, पण रात्री स्वतःच वापरतं. त्यामुळे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, आणि त्याच वेळी मासे तोंड वर काढतात. सेम टू सेम फिशटँक!

मी कॉन्व्हेंटची मुलगी. माझ्या डोक्यात 'फिश' म्हणजे एकच शब्द होता, मासा. भिगवणच्या मासळी बाजारात गेले तेव्हा मरळ, वाम, शिंगटा, कटला, चिलापी अशी पूर्ण हजेरी ऐकली. चिलापी ही मूळची आफ्रिकेची, भारतात आणली १९५२ मध्ये. नर चिखलात खड्डा करतो, मादी अंडी तोंडात घेते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत जवळजवळ उपाशी राहते. नंतरही धोका दिसला की पिल्लं पळत येऊन तोंडात शिरतात. कुठल्याही आईला सलाम करावा असंच हे. पण अशी जपलेली पिल्लं जास्त जगतात, म्हणूनच चिलापीने तळी-धरणं भरून टाकली.

तिथेच एका मच्छीमार मामांनी मला एक काळा, खडबडीत मासा दाखवला. मी म्हटलं, "मामा, हा तर आमच्या होस्टेलच्या टँकमध्ये असतो!"

मामा म्हणाले, "तुमच्याकडनंच आलाय की पोरी. खायला कोणी घेत न्हाई, आन् जाळं फाडतोय ते येगळंच."

हाच तो सकर. दुकानदार 'टँक क्लीनर' म्हणून विकतो, कारण तो काचेला चिकटून शेवाळ खातो. मूळ दक्षिण अमेरिकेचा. दुकानात बोटाएवढा, पण वाढला की दीड फुटापर्यंत जातो. मग टँक लहान पडतो आणि कुणीतरी 'बिचाऱ्याला मोकळं करू' म्हणून नदीत सोडतो. उजनीत तो सापडत असल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आल्या आहेत.

त्याचे स्पेसिफिकेशन्स बघा. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, त्यामुळे मोठे मासे आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. परात टोकदार काटा, तो जाळ्यात अडकला की जाळं कापूनच काढावं लागतं. काठाच्या मातीत बीळ करून अंडी घालतो आणि नर राखण करतो. आणि सगळ्यात भारी फीचर म्हणजे पाण्यात ऑक्सिजन संपला की वर येऊन हवा गिळतो आणि जठराच्या अस्तरातून ऑक्सिजन घेतो. पोटाने श्वास! त्यामुळे पाण्याबाहेर कित्येक तास जिवंत राहतो.

आता दोन्ही गोष्टी जोडा. पुण्याच्या सांडपाण्याने पहाटे ऑक्सिजन संपतो. कटला-रोहू गुदमरतात, सकरला काहीच होत नाही. म्हणजे प्रदूषण एकीकडे मच्छीमाराचा मासा मारतं आणि दुसरीकडे नको त्या माशाला मैदान मोकळं करून देतं. हा पॉझिटिव्ह फीडबॅक आहे, नावात पॉझिटिव्ह असला तरी सिस्टिम बिघडवणारा. टँकमध्ये ज्या गुणाचं आपण कौतुक करतो, तोच गुण धरणात दुसऱ्याच्या पोटावर येतो.

सांडपाणी शुद्ध करणं हे महापालिकांचं आणि उद्या सिव्हिल-केमिकलवाल्या आपल्यापैकी कुणाचं तरी काम आहे. पण दुसरा नळ आपल्याच हातात आहे, आणि तो आज बंद करता येतो. मासा घेण्याआधी दुकानदाराला विचारा की हा पूर्ण वाढला की केवढा होतो. समुद्री मासा घ्यायचाच असेल तर हॅचरीतलाच मागा. फायनल इयरवाल्यांनो, होस्टेल सोडताना टँक ज्युनिअरला द्या, दुकानदाराला परत करा किंवा नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावा. पण नदीत, कालव्यात, विहिरीत किंवा उजनीत एकही मासा सोडू नका. ती दया नव्हे. त्याची किंमत भिगवणच्या काठावर कुणीतरी फाटलेलं जाळं शिवत मोजत असतं.

आणि हो, भिगवणला फ्लेमिंगो बघायला तर आपण सगळे जातोच. पुढच्या वेळी बोटवाल्या मामांना पाण्याखालचंही थोडं विचारा. फोटो येणार नाही, पण कळेल भरपूर.