गेम वॉर्डन : जंगलातल्या रहस्यकथांचा नायक

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्याचा जवळपास ९० टक्के भाग जंगलाने व्यापलेला आहे. शिकार आणि मासेमारीचे नियम तिथे गेम वॉर्डन सांभाळतो. आपल्या वनरक्षकासारखाच, पण अधिकार पोलिसाचे. जंगलात कुणी हरवलं, तरी शोधायला तोच जातो. हंगामात भेटणाऱ्या बहुतेकांच्या हातात बंदूक असते, तो मात्र अनेकदा एकटा आणि मदत दूर. रहस्यकथेला आणखी काय हवं?

पॉल डॉयरन यांच्या 'द पोचर्स सन' (२०१०) या कादंबरीत माइक बाउडिच हा तरुण वॉर्डन आहे. त्याचा बापच चोरटा शिकारी, त्यात पोलिसाच्या खुनाचा संशय येऊन फरार झालेला. खुनी कोण यापेक्षा हा पेच जास्त खिळवतो. बाप निर्दोष आहे असं माइकला वाटतं, आणि नोकरी पणाला लावून तो त्याच्या मागावर निघतो.