पाळण्याकडे डोळे, ओसरीकडे पाठ

लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या बाकावर, मतदानाच्या रांगेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'या देशाचा खरा प्रश्न लोकसंख्या. दोन मुलांचा कायदा केल्याशिवाय काही खरं नाही.' अलीकडे त्याच पंगतीत दुसरंही वाक्य येऊ लागलंय : 'आपली मुलं कमी होत चालली, आता प्रत्येकानं तीन तरी होऊ द्यावीत.' दोन्ही वाक्यं तावातावानं बोलली जातात, कधीकधी एकाच माणसाकडून. दोन्हींमधला हिशेब चुकलेला आहे. त्या चुकीची किंमत मोजतात ती मात्र पंगतीला न आलेली माणसं : घरी पलंगाला खिळलेले म्हातारे आणि त्यांचं करायला मागे राहिलेल्या बायका.

'स्फोट अजून चालूच आहे'

एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात, त्या आकड्याला एकूण प्रजनन दर म्हणतात. तो २.१ असेल तर एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा जेमतेम भरून काढते. नुसत्या दोनवर भागत नाही, कारण जन्मणाऱ्यांत मुलगे थोडे जास्त असतात आणि काही मुली मोठ्या होण्याआधीच दगावतात. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारताचा हा दर ३.४ होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो २.० वर आला. महाराष्ट्रात १.७, गोव्यात तर १.३. ही केवळ पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांमधली गोष्ट आहे असं वाटत असेल, तर ग्रामीण महाराष्ट्राचा दरही दोनच्या खालीच आहे. मोठ्या राज्यांपैकी बिहार अजून तीनच्या जवळ आहे, पण उतरणीला तोही लागलेला आहे.

मग माणसं वाढताना का दिसतात? आपल्याच घरचा हिशेब मांडून पाहा. आजी-आजोबांना सहा मुलं. त्या सहांनी लग्नं करून प्रत्येकी दोनच मुलांवर थांबायचं ठरवलं, तरी नातवंडं बारा होतात. ती जन्मतात तेव्हा आई-बाप, काका-आत्या सगळे हयात असतात, बरेचदा आजी-आजोबाही. 'दोनच पुरे' हा निर्णय झाल्यानंतरही कुटुंब काही दशकं वाढतच राहतं. देशाचंही तसंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला १७० कोटींच्या आसपास टेकेल आणि मग उतरू लागेल. आज दिसते ती गर्दी मागच्या पिढ्यांच्या पाळण्यांची आहे.

याच मुद्द्याला चिकटून येणारा 'त्यांची वाढ, आपली घट' हा सूर दोन आकड्यांत निकालात निघतो. १९९२-९३ ते २०१९-२१ या काळात हिंदू स्त्रियांचा प्रजनन दर ३.३ वरून १.९४ वर आला, मुस्लिम स्त्रियांचा ४.४ वरून २.३६ वर. म्हणजे मुस्लिमांमधली घट मोठी आहे आणि दोघांतलं अंतर निम्म्याहून कमी झालं आहे. केरळमधल्या मुस्लिम स्त्रीला बिहारमधल्या हिंदू स्त्रीपेक्षा सरासरीनं कमी मुलं होतात. मुलींची शाळा, लग्नाचं वय आणि जवळचा दवाखाना यांवर हा दर हलतो.

'कायद्यानं आटोक्यात आणता येतं'

महाराष्ट्रानं हा प्रयोग केलेला आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्यांना ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतच्या निवडणुकीत अपात्र ठरवलं गेलं. २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तीच अट लागली. पण या नियमाच्या आधीपासून दर उतरत होता, आणि असा नियम नसलेल्या राज्यांतही तो उतरला. मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांनी पाच राज्यांत अशा अटीचे परिणाम तपासले. उमेदवारी वाचवण्यासाठी बायकोला टाकणं, मूल दत्तक देऊन टाकणं, गर्भलिंग तपासून गर्भपात करणं, हे सगळं त्यांना आढळलं. हा नियम मोडला कुणी, हे ठरवताना फास बहुतेक वेळा बाईच्याच गळ्यात पडतो. आंध्र प्रदेशानं नोव्हेंबर २०२४ मध्ये आपली अशी अट काढून टाकली.

कुटुंब लहान झालं ते प्रामुख्यानं बायकांच्या निर्णयानं आणि बायकांच्याच शरीरावर. महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांनी नसबंदी करून घेतलेली आहे. पुरुषांचं प्रमाण अर्धा टक्काही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्याला शतक उलटून गेलं, आणि तरी पुरुषाची जबाबदारी तिथल्या तिथेच आहे. आणखी एक काळी बाजू आहे. मुलं कमी हवीत आणि त्यांत मुलगा हवाच, या दोन्ही अटी एकत्र आल्या की मुलगी गर्भातच गळते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानंच १९८८ साली केला. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या.

'मग आता जास्त मुलांसाठी बक्षीस द्या'

हा उपाय जगानं करून पाहिला आहे. सिंगापूरनं १९७० च्या दशकात 'दोनवर थांबा' म्हणून दंडुका उगारला आणि १९८७ मध्ये 'परवडत असेल तर तीन किंवा अधिक' अशी उलटी हाक दिली. पुढे रोख बक्षिसं आली, करसवलती आल्या. आज तिथला दर एकच्या आसपास घुटमळतो. दक्षिण कोरियानं २००६ पासून यासाठी प्रचंड पैसा ओतला. २०२३ मध्ये तिथला दर ०.७२ होता, जगातल्या सर्वांत खालच्या दरांपैकी एक. चीननं एकाची सक्ती उठवून २०१६ मध्ये दोन आणि २०२१ मध्ये तीन मुलांना मुभा दिली, तरी २०२२ पासून लोकसंख्या घटू लागली.

जबरदस्तीचा धडा रोमेनियात आहे. १९६६ मध्ये तिथं गर्भपातावर बंदी आली आणि एका वर्षात दर १.९ वरून ३.७ वर उडाला. मग तो पुन्हा घसरला, कारण बायकांनी चोरवाटा शोधल्या, आणि त्या वाटांवर हजारो बायका मेल्या. १९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळल्यावर नव्या सरकारनं लगोलग रद्द केलेल्या कायद्यांत हा एक होता.

मूल होऊ द्यावं की नाही, हे लोक पाळणाघर, घरभाडं, नोकरीचे तास आणि नवऱ्याचा हातभार पाहून ठरवतात. हे सुधारावं ते दर वाढावा म्हणून नव्हे. ज्यांना दुसरं मूल हवं आहे पण झेपत नाही, त्यांच्यासाठी सुधारावं.

'पूर्वी माणसं जगतच नव्हती, म्हणून म्हातारे कमी होते'

स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या घरात आहे. हे खरंच, पण ३२ चा अर्थ लोक बत्तिशीत मरत असा नव्हता. दोन भावंडांतलं एक वर्षाचं होताच गेलं आणि दुसरं पासष्टीपर्यंत जगलं, तर सरासरी ३३ येते. बाळं फार मरत होती, हा त्या आकड्याचा अर्थ. १९७१ मध्ये देशात हजार बाळांमागे १२९ दगावत. २०२० मध्ये हा आकडा २८ होता आणि महाराष्ट्रात १६. वाचलेली ही बाळंच आजचे ज्येष्ठ होत आहेत, आणि त्यांच्या मागे येणाऱ्या पिढ्या आकारानं लहान आहेत. समाज म्हातारा होण्याचं मोठं कारण हेच दुसरं आहे. सहा भावंडांनी मिळून दोन आई-बाप सांभाळले. आता एका मुलीच्या वाट्याला दोन आई-बाप आणि लग्नानंतर दोन सासू-सासरे येतात.

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले १० कोटी ३८ लाख होते, एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात ९.९ टक्के, केरळात १२.६. सरकारी तज्ज्ञगटाच्या अंदाजानुसार २०३६ मध्ये देशात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या जवळ जाईल. पासष्टीपुढच्यांचं प्रमाण ७ वरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला सुमारे ११५ वर्षं मिळाली. जपानला पंचवीसच मिळाली, पण तोवर जपान श्रीमंत झालेला होता. आपल्याकडे वेळ जपानसारखाच थोडा आहे आणि खिसा जपानसारखा नाही.

'आपल्याकडे मुलं सांभाळतात'

सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच, म्हणून यावर जरा थांबतो.

कोकणात चला. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर उतरली. मुलं मुंबईला गेली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका उरल्या. गणपतीत आणि शिमग्यात घर माणसांनी भरतं, चाकरमानी परतले की पुन्हा अंगणात आई एकटी. मुलं वाईट नाहीत. पैसे पाठवतात, रोज फोन करतात. पण रात्री दोनला छातीत कळ आली तर फोन धावत येत नाही.

आणि जिथं मुलं खरोखर सांभाळतात, तिथं सांभाळणारं कोण असतं? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. सासूचं डायपर, सासऱ्यांचं इन्सुलिन, दवाखान्याच्या चकरा हे त्या वर आणखी. 'आपली कुटुंबव्यवस्था' असं आपण अभिमानानं म्हणतो, तेव्हा सुनेचा किंवा लेकीचा सुटलेला पगार आपण हिशेबात धरत नाही. शिवाय आयुष्याच्या शेवटी एकटी राहण्याची पाळीही बहुधा बाईवरच येते. साठीपुढच्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास विधवा आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकींच्या नावावर ना घर, ना जमीन, ना पेन्शन.

मुलांनी टाकलं तर कायदा आहे. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो आणि महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनी तो जरूर करावा. पण पोटच्या पोराविरुद्ध कागद द्यायला आईचा हात उचलत नाही, आणि पोरगाच रोजंदारीवर असेल तर हुकूम निघूनही काय मिळणार?

'म्हातारपणाला पेन्शन असतंच'

सरकारी नोकरांना असतं. जुन्या पेन्शनसाठी महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये संप केला, तेव्हा राज्य ठप्प झालं. पण या देशात दहापैकी नऊ कामकरी असंघटित आहेत. ऊसतोड, गवंडीकाम, घरकाम करणाऱ्यांना पेन्शनसाठी संप करणं सोपं नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात श्रावणबाळ योजना आहे : वय ६५ हवं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे अख्ख्या घराला महिना १७५० रुपये. त्याच्या वर कमावणारा आता गरीब नाही, असं हा नियम म्हणतो! मिळतात ते महिना दीड हजार, तेही २०२३ मध्ये वाढवल्यावर. केंद्राचा वृद्धापकाळ पेन्शनमधला वाटा साठ ते ७९ वयाला महिना २०० रुपये आहे आणि दीड दशकाहून अधिक काळ तो हललेला नाही. कर्मचारी भविष्यनिधीच्या पेन्शनची किमान रक्कमही २०१४ पासून हजार रुपयांवर अडकली आहे. वर हयातीचा दाखला द्यायचा, बँकेत जायचं, आणि आयुष्यभर राबून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नाही.

२०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचं संरक्षण मिळालं. हे पाऊल चांगलं आहे. पण म्हातारपणाचा मोठा खर्च रुग्णालयाबाहेर होतो : रोजच्या गोळ्या, चष्मा, कवळी, काठी, आणि दिवसभर जवळ बसणारं माणूस. त्याची सोय कशी होते, हे केरळनं दाखवलं आहे. २००८ मध्ये त्या राज्यानं परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणारी शुश्रूषा) धोरण केलं, आणि आज तिथं पंचायतींच्या पैशातून परिचारिका अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी जातात. जपाननं एप्रिल २००० पासून चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून शुश्रूषेसाठी विम्याचा हप्ता घ्यायला सुरुवात केली. दोन्हीकडे गृहीत एकच धरलं आहे, की म्हाताऱ्यांची शुश्रूषा हे काम आहे, त्याला प्रशिक्षण लागतं आणि पगार लागतो.

आपल्याकडे जागा तर आहे. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा आहेत आणि 'समूह शाळे'च्या नावाखाली त्या एकत्र करण्याची चर्चा चालते. माझ्या मते लहान पोरांना लांबच्या शाळेत धाडण्यापेक्षा त्याच इमारतीतल्या रिकाम्या खोलीत ज्येष्ठांचं दिवसाचं केंद्र चालवावं. गावातल्याच चार बायकांना पगारी काम मिळेल, सुनेला आठ तास मोकळे मिळतील. आणि म्हातारी माणसं म्हणजे नुसतं ओझं, हा समजही तिथं गळून पडेल. शेतात राबणारे, नातवंडं सांभाळून सुनेला कामाला जाऊ देणारे हेच लोक आहेत.

२०५० साली साठी ओलांडलेली असेल अशी प्रत्येक व्यक्ती आजच जन्मून मोठी झालेली आहे. त्यांतले किती तोवर जगतील एवढाच काय तो अंदाज, आजची त्यांची संख्या मोजता येते. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर थांबायचंही कारण नाही. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत जा आणि विकास आराखडा वाचून दाखवायला सांगा. त्यात सभामंडप असेल, कमान असेल, पेव्हर ब्लॉक असतील. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी किती रुपये धरलेत, ते विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.