मोटारीचा पिवळा दिवा काय सांगतो?

मोटारीत चालकासमोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा तुम्ही पाहिला असेल. किल्ली फिरवताच तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. वाटेत तो पुन्हा लागला तर काहीतरी बिघडले आहे हे कोणीही सांगेल. पण नेमके काय? साखरप्याहून आंबा घाट चढताना माझ्या मोटारीचा हा दिवा लागला आणि त्याच वेळी तिचा जोरही गेला. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तितकी ती धापा टाकी. सपाट रस्त्यावर मात्र अगदी गुणी!

गॅरेजमध्ये तपासणीचे यंत्र जोडले तेव्हा त्यावर 'पी ०१७१' असा संकेतांक उमटला. त्याचा अर्थ, मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ही खबर धूर वाहून नेणाऱ्या नळीतला प्राणवायू-संवेदक देतो, म्हणून मेकॅनिकने तो संवेदकच बदलला. पुढच्या चढाला दिवा पुन्हा हजर. चूक कोठे झाली हे कळण्यासाठी या संवेदकाचे काम आधी समजून घेऊ.

१ ग्रॅम पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून इंजिनाचा संगणक आत येणारी हवा मोजतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल फवारतो. माझ्या मोटारीत हवेच्या गाळणीपुढे यासाठी एक हवामापक आहे. त्यात विजेने तापवलेली बारीक तार असते. वाहती हवा तिला थंड करते. तिचे तापमान टिकवायला जितका जास्त प्रवाह लागेल, तितकी हवा जास्त.

हिशेब बरोबर उतरला की नाही, हे मग धुरावरून कळते. प्राणवायू-संवेदकात झिर्कोनियाची एक लहान टोपी असते. तिच्या बाहेरून धूर जातो आणि आत साधी हवा असते. टोपी सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापली की दोन्ही बाजूंच्या प्राणवायूतील फरकामुळे तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. धुरात प्राणवायू जवळजवळ उरला नसेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट; बराच उरला असेल, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. त्याप्रमाणे संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. एरवी ही दुरुस्ती थोडक्या टक्क्यांची असते. पण पेट्रोल २५ टक्क्यांच्या आसपास वाढवूनही धुरातला प्राणवायू हटेना, की तो हात टेकतो आणि दिवा लावतो.

आता दुकानाचे उदाहरण घ्या. रात्री गल्ल्यातली रोकड वहीशी जुळली नाही, तर चूक वहीत असेल, तराजूत असेल किंवा कोणी मालच उचलला असेल. रोकड मोजून ही तफावत दाखवणाऱ्या गुमास्त्यालाच कामावरून काढले तर काय साधेल? आमच्याकडे नेमके तेच झाले होते!

मग मी तपासणीचे यंत्र घेऊन मोटारीत बसलो. चालवायला एक मित्र होता. आकडेमोड सोपी आहे, तुम्हीही करून पाहा. इंजिन १.६ लिटरचे. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा हवा ओढतो, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे असताना १५०० वेळा १.६ लिटर, अर्थात २४०० लिटर हवा. सेकंदाला ४० लिटर. १ लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम, म्हणून ४८ ग्रॅम. सिलिंडर काही पूर्ण भरत नाहीत. चढावर अ‍ॅक्सिलरेटर बराच दाबलेला असताना ८० टक्के भरतात असे धरले, तर सेकंदाला ३८ ग्रॅम हवा हवी. हवामापक दाखवत होता २९!

पेट्रोलचा पंप अशक्त असता, तर पेट्रोल कमी पडले असते. हवेचा आकडा बरोबर आला असता. गाळणी तुंबली असती, तर हवा खरोखरच कमी आली असती, पण त्याबरोबर पेट्रोलही कमी फवारले जाऊन प्रमाण राहिले असते. म्हणजे हवा आत येत होती, पण मोजली जात नव्हती. तार मळली असेल का? तशी ती उभ्या गाडीतही कमीच दाखवील. परंतु गाडी उभी ठेवून इंजिन ३००० फेऱ्यांवर नेले, तेव्हा दुरुस्तीचा आकडा अगदी सामान्य होता.

आता उरली एकच शक्यता : मापकाच्या पुढे कोठेतरी भोक आहे आणि ते फक्त जोर लागताना उघडते. इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले असते. चढावर जोर लावताना ते थोडे कलते. मापकापासून इंजिनाकडे जाणारी घड्यांची रबरी नळी मी हाताने वाकवली आणि खालच्या बाजूच्या एका घडीत बोटभर लांब चीर उघडली. हात सोडताच ती मिटली. वरून पाहणाऱ्याला ती दिसणे शक्यच नव्हते. तिथून शिरणारी हवा संगणकाच्या हिशेबात नव्हती. पेट्रोल कमी पडून ज्वलन मंद होई आणि जोर जाई. नळी बदलली आणि मोटार घाट चढू लागली.

या दिव्याचा मूळ हेतू चालकाची सोय हा नव्हता. धुराने होणाऱ्या प्रदूषणावर नजर ठेवणे हा होता. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ही यंत्रणा ठरावीक पद्धतीने बसवणे सक्तीचे झाले. म्हणूनच दिवा लुकलुकू लागला, तर मात्र दुर्लक्ष करू नये. अशा वेळी एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत असते. न जळलेले पेट्रोल पुढे धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाच्या डब्यात जळते आणि उष्णतेने त्याची आतली जाळी वितळूही शकते. वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी.

बदललेला जुना संवेदक मी मागून घेतला होता. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो चिमट्यात धरून बन्सेन ज्योतीच्या आतल्या भागात तापवला आणि त्याच्या तारांना अंकीय मल्टिमीटर जोडला. थोड्या वेळाने आकडा ०.८ व्होल्टच्या पुढे गेला. ज्योतीबाहेर काढताच झरकन खाली आला. त्याच्यात काही दोष नव्हता.