आपल्या ओठी प्रार्थना ठेवणारे

हैदराबादचा बेगम बाजार ही घाऊक व्यापाराची जुनी पेठ. तेथे भांड्यांच्या नि मसाल्यांच्या दुकानांतून तेलुगू, उर्दू, मारवाडी अशा अनेक बोली एकाच वेळी कानी पडतात. अशा ठिकाणी पोटासाठी गेलेल्या मराठी कॅथलिक कुटुंबास रविवारची मिस्सा बहुधा तेलुगूत नाहीतर इंग्रजीत ऐकावी लागते. मराठी उरते ती सायंकाळच्या जपमाळेपुरती. मुले दुसऱ्या भाषेत शिकतात, आणि आई म्हणते त्या प्रार्थनेतील शब्द त्यांस हळूहळू परके होतात. वाचकहो, ही चिंता आम्हांस लहान वाटत नाही. आणि ती नवीही नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरू मूळचे इंग्लंडचे. 24 ऑक्टोबर 1579 रोजी ते गोव्यास उतरले व पुढील आयुष्य त्यांनी बहुतांशी साष्टीत वेचिले. येथील भाषा ते नुसत्या शिकले नाहीत, त्यांत रमले. त्यांच्याच ग्रंथात एक प्रसंग आहे. साष्टीच्या देवळात मुलांचे धर्मशिक्षण चालले असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे आला. आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही, असा त्याचा सवाल होता. पोर्तुगीज अमलाखाली जुन्या पोथ्या लोकांच्या हातून काढून घेतल्या गेल्या, ही गोष्ट झाकून ठेवण्यात आम्हांस काही पुण्य दिसत नाही. त्या मनुष्याचे मागणे रास्तच होते.

त्यास उत्तर म्हणून 'ख्रिस्तपुराण' जन्मास आले. राचोल येथे 1616 साली ते रोमन लिपीत छापले गेले. सुमारे 11,000 ओव्या. आणि वृत्त तेच, जे ज्ञानेश्वरांनी योजिले. स्वर्गासाठी फादर 'वैकुंठ' म्हणतात. श्रोत्यास आपल्या घरातील शब्द ऐकू यावा, हा त्यामागील भाव आम्हांस वाटतो.

फादर 1619 साली वारले. पुराणाच्या 1649 व 1654 साली आणखी आवृत्त्या निघाल्या. मग 1684 साली व्हाइसरॉयने हुकूम काढिला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी! त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही.

मग पुराण वाचले कसे? घरांनी वाचविले. कोणी हाताने नकलून घेतले, कोणी गाऊन मुलांस दिले. गोवा सोडून कानडा मुलुखात गेलेल्या कुटुंबांनी ते सोबत नेले. घरात बोली कोकणी, भोवती कानडी व तुळू, तरी उपासकाळात ओव्या मराठीच. टिपू सुलतानाने 1784 साली तेथील ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले, तेव्हा याच ओव्यांनी त्यांस धीर दिला असे परंपरा सांगते. त्या लिहिणाऱ्या हातांची नि गाणाऱ्या आयांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. फादरांच्या पंक्तीस आम्ही त्यांनाही बसवितो.

अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 साली मंगळुरास ग्रंथ पुन्हा छापविला. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी प्रत पुण्यास निघाली ती 1956 साली, म्हणजे पहिल्या छपाईनंतर 340 वर्षांनी.