हौद्यामागचा कारभार

एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शाहू क्रीडासंकुलात पृथ्वीराज पाटील 'महाराष्ट्र केसरी' झाला आणि मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिल्या महिला केसरीची गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने उचलली, तेव्हा जयघोष मल्लांचा झाला, हे यथोचितच. परंतु ज्यांच्या बंदोबस्तावर असे फड उभे राहतात, त्यांची दखल सहसा कोणी घेत नाही.

लाल माती चाळायची, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस व कापूर मुरवायचा, आणि तळहाताने दाबून ढेकूळ राहिले नाही अशी खातरजमा झाल्यावरच हौदा मल्लांच्या हवाली करायचा, हा सरंजाम पाहिला म्हणजे विंबल्डनची हिरवळ ८ मिलिमीटरांवर राखणारे माळी याच बिरादरीचे वाटू लागतात. (त्यांना पगार बरा असावा!) माती आणि गादी या दोन्ही विभागांचे विजेते अखेरीस परस्परांशी भिडत असल्याने दोहोंची तजवीज करावी लागते, ती निराळीच. वजनकाट्यापाशी मात्र कोणाचाही मुलाहिजा चालत नाही : केसरी गटाची मर्यादा ८६ ते १२५ किलो, आणि तिथला कारकून नामांकित पैलवानालाही रांगेत उभा करतो.