आधी बूट, मग यंत्र

आमच्या नागपुरातल्या बहुतेक घरांमधून चूल गेली. पण लाकूड काही गेलं नाही. पौषातल्या बोचऱ्या पहाटे अजून कुठे कुठे बंब पेटतो. लग्नाच्या देगेखाली लाकूडच लागतं. त्याशिवाय दम नीट बसत नाही, असं बावर्ची सांगतात. हिंगणा, काटोल, उमरेडच्या बाजूला निघालं की घरामागे जळतण रचलेलं दिसतं. आणि पावसाळ्याच्या तोंडावरची आंधी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या अंगणातलं झाड आडवं करतेच.

एका जूनमध्ये आमच्या अंगणातला कडुनिंब असाच पडला. मी लाकूड कापणाऱ्या एका पोराला बोलावलं. त्याच्याकडे चेनसॉ होती, म्हणजे पेट्रोलवर चालणारं, साखळीच्या दातांनी लाकूड कापणारं यंत्र. पायात चप्पल, डोक्याला दुपट्टा. आभाळ भरून आलं होतं. मी म्हटलं, "लवकर आटप ना बाबू, पाणी येऊन राहिलं." तो हसला, "होऊन जाते, चाचा." पाच मिनिटांत पात्याचं टोक मागच्या फांदीला लागलं. यंत्र उसळलं, एक हात सुटला आणि पातं त्याच्या पायाच्या पंजावर आलं. टाके पडले, महिनाभर त्याचा रोजगार बुडाला. दवाखान्याचं बिल मी भरलं. पण घाई माझी होती, ती कोणत्या बिलात मांडायची?

त्यानंतर मी या यंत्राची माहिती करून घेतली. त्या पोराकडून, दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीकडून आणि यंत्रासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतून. ही पुस्तिका आपण खोक्यातच ठेवून देतो.

आधी कायद्याची गोष्ट. उभं झाड आपल्याच अंगणातलं असलं तरी शहरात ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. १९७५ च्या झाडांचं संरक्षण व जतन करणाऱ्या राज्याच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षांवरच्या झाडांना वेगळं संरक्षणही आहे. झाड पडलं असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवावं. ते विजेच्या तारेवर पडलं असेल तर जवळही जाऊ नये. उभं झाड पाडणं हे तसंही घरच्या माणसाचं काम नव्हे. आपण बोलतोय ते जमिनीवर पडलेल्या ओंडक्याचे तुकडे करण्याबद्दल.

वर्षाकाठी दोन-चार क्विंटल लाकूड लागत असेल, तर यंत्र घेऊच नका. ओंडके आरागिरणीवर न्या किंवा जाणकार माणूस बोलवा. घ्यायचंच असेल तर अंगणापुरतं विजेवरचं यंत्र बरं. आवाज कमी, पेट्रोलची कटकट नाही. मात्र जाड वायर हवी, जमीन कोरडी हवी आणि वायर पात्याच्या मागे, खांद्यावरून घेतलेली हवी. शेतावर वीज नसेल तिथे पेट्रोलचं घ्यावं. घरच्या जळतणाला बारा ते सोळा इंच लांबीचं पातं पुष्कळ झालं. लांब पातं म्हणजे जास्त काम, असं नाही. जास्त वजन आणि जास्त धोका, एवढं मात्र नक्की. बाजारात ग्राइंडरला लावायचं स्वस्त साखळीचं पातंही मिळतं. ते फुकट दिलं तरी घेऊ नका. ग्राइंडर भलत्याच वेगाने फिरतो आणि त्याला साखळी थांबवणारा ब्रेक नसतो.

हा ब्रेक कशासाठी, ते नीट समजून घ्या. साखळी पात्याच्या वरच्या कडेने पुढे जाते, टोकाला वळते आणि खालच्या कडेने आपल्याकडे परत येते. टोकाच्या वरच्या भागाला लाकूड लागलं की दात कापत नाहीत, अडकतात. मग सगळा जोर उलटतो आणि पातं वर, आपल्या तोंडाकडे फेकलं जातं. साखळी सेकंदाला वीसेक मीटर धावत असते. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर सगळं होऊन जातं. पुढच्या मुठीसमोरची आडवी ढाल म्हणजेच हा ब्रेक. हात तिच्यावर आदळला की साखळी थांबते. म्हणून मूठ दोन्ही हातांनी धरायची, डाव्या अंगठ्याचा वेढा मुठीखालून घालायचा. पात्याच्या अगदी सरळ रेषेत उभं राहायचं नाही, किंचित डावीकडे सरकायचं. खांद्याच्या वर यंत्र उचलायचं नाही. टोकाच्या पलीकडे काय आहे, ते आधी पाहायचं. त्या पोराची फांदी तिथेच होती.

ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल, तर वरून कापताना मधला भाग खचून पातं चिमटीत धरतो. अशा वेळी आधी वरून एक तृतीयांश कापावं, मग खालून. एक टोक अधांतरी असेल तर उलट करावं. आधी खालून थोडं, मग वरून. त्याहून बरं म्हणजे लाकडी घोडी करून तिच्यावर ओंडका ठेवावा. आणि आपल्या कडुनिंबात खिळे असतातच, कुणी पाटीसाठी ठोकलेले, कुणी कपड्यांच्या दोरीसाठी. ते आधी शोधून काढावेत.

पेट्रोलच्या यंत्रात तेलाची दोन कामं असतात. एक तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं; पन्नासास एक असं प्रमाण दिलं असेल तर लिटरला वीस मिलिलिटर. दुसरं साखळीसाठी, वेगळ्या टाकीत. यंत्र तापलेलं असताना पेट्रोल भरू नये आणि बिडी तर लांबच ठेवावी. सुरू करताना ब्रेक लावून यंत्र जमिनीवर ठेवावं, मागच्या मुठीत पाय रोवावा आणि मग दोरी ओढावी. हातात लोंबकळतं ठेवून ओढू नये. कापताना ढलप्या पडल्या तर साखळीला धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की काम थांबवून गोल कानस हातात घ्यावी. बोथट साखळीवर माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की तोल जातो.

आता शेवटचं, पण खरं तर पहिलं. जाड बूट, डोळ्यांना चष्मा किंवा जाळी, कान झाकायचं साधन, हातमोजे. दुपट्टा गळ्यात किंवा डोक्याला लोंबता नको. या कामासाठी खास विजार मिळते. तिच्या आतले लांब धागे साखळीत गुंततात आणि तिला थांबवायला मदत करतात. हे सगळं आधी विकत घ्यावं. त्यानंतर पैसे उरले तर यंत्र घ्यावं, नाही तर पुढच्या वर्षी.

दुसऱ्याला कामाला बोलावलं तरी हाच नियम. तो पोरगा अजून आमच्याकडे येतो. मागल्या खेपेला चपलेवरच आला होता. मी घरातले बूट पुढे केले. तो म्हणाला, "राहू द्या ना चाचा, थोडंसंच आहे." मी म्हटलं, "पाणी येवो की गारा पडोत, बूट घाल." त्याने घातले. त्या दिवशी पाऊस आला, अर्धं लाकूड भिजलं. भिजलेलं लाकूड आठ दिवसांत वाळलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)